खैरनार सरांची पाच मिनिटं

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र लावलेलं आहे. सोनेरी चौकट, खाली दोन सह्या, आणि मधे मोठ्या अक्षरांत लिहिलंय की या कार्यालयाने आपल्या शंभर टक्के कर्मचाऱ्यांची रक्तदाब व मधुमेह तपासणी पूर्ण केली. माझं टेबल नेमकं त्याच्यासमोर आहे. रोज सकाळी डबा कपाटात ठेवताना माझी नजर तिकडे जाते आणि मला डॉक्टर खैरनार आठवतात. त्यावर त्यांचं नाव कुठेही नाही. ते प्रमाणपत्र भिंतीवर लागूच नये म्हणून त्यांनी काय काय केलं होतं, हे आता ऑफिसात मला सोडून कोणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

खैरनार सर आमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयात बीपी-शुगर कक्षाचे डॉक्टर होते. काम असं की नाशिकहून गाडी काढायची, जिल्ह्यातल्या गावांत जायचं, तीस वर्षांवरच्या माणसांचं बीपी आणि शुगर बघायची, ज्यांची वाढलेली असेल त्यांना गोळ्या सुरू करायच्या, आणि त्यांनी त्या सोडू नयेत म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागायचं. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं नर्स होते. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, 'सिस्टर' एवढंच. सटाण्याकडे त्यांचं गाव, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी परगावी, याहून जास्त मला त्यांच्या घरचं ठाऊक नाही. मला जे खैरनार सर माहीत आहेत ते त्यांच्या खुर्चीच्या आजूबाजूचे.

ती घडीची लोखंडी खुर्ची त्यांनी स्वतःच्या घरून आणली होती. गावात गेलं की लोक बसायला बाज पुढे करत, ओटा दाखवत, नाहीतर सरळ उभ्यानंच हात पुढे करत. सरांना यातलं काही चालत नसे. पाठ टेकलेली हवी, दोन्ही पाय जमिनीला, पायावर पाय नको, हात छातीच्या उंचीवर. आणि मशीनचा पट्टा बांधण्याआधी माणसानं पाच मिनिटं गप्प बसायला हवं. पाच म्हणजे पाच. सर मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरत आणि त्या माणसासमोर उभे राहत. त्या वेळात बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, तंबाखू मळायची नाही.

दुसऱ्या पथकाचे लोक तासाभरात अख्खी आळी उरकत. आमची रांग दुपार झाली तरी तिथल्या तिथेच. मला फार वैताग यायचा. एकदा मी सुचवलं की लोक रांगेत बसलेलेच असतात, तीच पाच मिनिटं धरू. सर म्हणाले, रांगेत माणूस बसत नाही, रांगेत तो पुढच्याच्या पाठीकडे बघत असतो. मी पुढच्या माणसाचं नाव लिहून घेतलं.

माणूस गोड नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. ऑफिसात त्यांना मागे सगळे 'अळणी डॉक्टर' म्हणत. कोणाचा वाढदिवस असला की सर यायच्या आत वेफर्सची पुडी ड्रॉवरमध्ये जायची. मिसळीसोबतचा पापड ते न बोलता उचलून बाजूला ठेवत, स्वतःचाही आणि समोरच्याचाही. महिन्यातून एका रविवारी मात्र ते गंगापूर रोडला जाऊन झणझणीत मिसळ खात आणि सोमवारी ऑफिसात येऊन, आम्हाला साक्षीला बसवून, स्वतःचं बीपी मोजत. आकडा वाढलेला असला की चेहरा असा करत की जणू त्यांनी कोणाचा खून केला आहे.

लासलगावच्या मार्केट यार्डात एकदा आमचं शिबिर होतं. कांद्याचा लिलाव जोरात चालला होता. एक बडे व्यापारी बाही वर करतच आले आणि उभ्याउभ्याच घ्या म्हणाले, ट्रॅक्टर खोळंबलेत. सर म्हणाले, बसा. ते बसले, पण तोंड बंद होईना. ते बोलले की सर घड्याळाकडे बघून म्हणायचे, परत पहिल्यापासून. असं तीनदा झालं. हमाल हातातलं काम टाकून बघत उभे राहिले. शेवटी तो माणूस रागानं का होईना पाच मिनिटं गप्प बसला, आणि पट्टा बांधल्यावर काटा दोनशे दहाला पोचला. सरांनी त्यांना बाजूला नेलं, हळू आवाजात समजावलं, गोळ्या दिल्या. पुढे कित्येक वर्षं दर महिन्याला सर त्यांना स्वतः फोन करत. ते वैतागत, पण फोन बंद व्हावा म्हणून गोळी घेत.

मग एकदा त्याच यार्डात ते व्यापारी पुन्हा भेटले. अंगानं सुटलेले, खुशीत. चारचौघांत त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या नादानं इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या. काय झालं? काही सुद्धा झालं नाही. उगाच घाबरवून सोडलंत मला." सगळे हसले. माझं डोकं सणकलं. म्हणजे यांना वाटतंय की ते आपोआपच धडधाकट राहिले. गाडीत बसल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. सर मात्र एवढे खूश होते की परतीच्या अर्ध्या रस्त्यात स्वतःशीच हसत होते. "ऐकलंत ना सिस्टर? काही सुद्धा झालं नाही." ते म्हणायचे, आपलं काम न दिसणारं आहे, दिसलं म्हणजे समजायचं फसलं.

त्यांची दुसरी खोड लाल पेन्सिल. उपकेंद्रांतून नोंदवह्या आल्या की ते त्या पेन्सिल हातात धरून वाचत. आकडा खरा मोजलेला आहे की टेबलावर बसून लिहिलेला आहे, हे त्यांना नजरेनं कळायचं. खरं बीपी वेडंवाकडं असतं, कुठे एकशेअडतीस, कुठे एकशेबावन्न. बसल्या जागी लिहिणारा माणूस शून्यावर थांबतो. एकदा चांदवडकडच्या एका गावाची वही आली, त्यात पानंच्या पानं १२०/८०. सर म्हणाले, एवढं निरोगी गाव आहे तर मी रिटायर होऊन तिथेच राहायला जातो. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आम्ही त्या गावात हजर.

तिथली सिस्टर रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. लसीकरण तिच्याकडे, बाळंतपणं तिच्याकडे, मतदार याद्या तिच्याकडे, आणि वरून रोज फोन की आकडे पाठवा. तिच्या मशीनचे सेल तीन महिन्यांपासून संपलेले होते, दोनदा पत्र लिहूनही आले नव्हते. सरांनी तिची तक्रार केली नाही. तिच्याच टेबलावर बसून सेलसाठी तिसरं पत्र लिहिलं, आणि मग तिला जे सांगितलं ते मी पाठ करून ठेवलं आहे. "रकाना रिकामा ठेवत जा बाई. रिकाम्या रकान्यासाठी मी वर भांडू शकतो. खोट्या आकड्याशी मला भांडता येत नाही."

त्या दिवशी गावात नव्यानं मोजलेले आकडे मीच लिहिले होते, ती वही परत येताना माझ्या मांडीवर होती. सरांनी मागे वळून माझ्या नोंदी बघितल्या आणि म्हणाले, तुमचा आठ मात्र कुठेही ओळखू येईल, सिस्टर. मी इंग्रजी आठ दोन वेगळे गोल काढून लिहिते, एकावर एक, मधे बारीकशी फट. मनमाडच्या शाळेत बाईंनी त्यासाठी कितीदा मारलं, पण सवय गेली नाही. त्या दिवशी ते कौतुक वाटलं. मी गांगुर्डेंना सांगितलंसुद्धा, बघा, सर अक्षर ओळखतात.

साहेबराव गांगुर्डे आमचे ड्रायव्हर. एजन्सीकडून आलेले, कंत्राटी, पण दहा वर्षं तेच. गाव आलं की आधी ते उतरत, मागचं दार उघडून खुर्ची काढत, सपाट जागा बघून ती मांडत, हातानं दाबून हलते का बघत, आणि हलली तर पायाखाली चपटा दगड सरकवत. शिबिर संपलं की फडक्यानं पुसून परत गाडीत. डोक्याला कायम रुमाल करकचून बांधलेला. आम्हाला वाटायचं उन्हासाठी, डोकं दुखतं का असं कोणी विचारलं नाही. त्यांचा मळलेला तंबाखू सर रोज खिडकीबाहेर टाकायला लावत आणि ते रोज नवा मळत, हा दोघांचा खेळच होता. बागलाणात, त्यांच्या सटाण्याकडे गेलं की सर तिथल्या अहिराणी बोलीवर येत, आणि मग गांगुर्डे मला कोपरानं खुणावत, बघा, साहेब आता माणसात आले.

नामपूरकडच्या एका म्हातारीचं आठवतं. ती मशीनला घाबरून खुर्चीत टेकायलाच तयार नव्हती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि मी इथेच आहे असा धीर देत म्हणाले, "बठ माय. मी आठेच शे." ती बसली. पाच मिनिटं डोळे मिटून बसली. वेळ झाल्यावर सरांनी पट्टा हातात घेतला तर ती म्हणाली, "लगीन व्हयनं तवपासून माले कोणी पाच मिनिटं बठू दिधं नही." सरांनी पट्टा तसाच धरून तिला आणखी पाच मिनिटं बसू दिलं. गांगुर्डे गाडीला टेकून हे सगळं बघत होते.

त्या दहा वर्षांत गांगुर्डे स्वतः त्या खुर्चीत एकदाही बसले नाहीत. सर अधूनमधून म्हणायचे, गांगुर्डे, तुमचं बघायचं राहिलंय. ते म्हणायचे, "बघू की साहेब, मी काय पळून चाललो का?" आणि खुर्ची घडी करून आत टाकायचे. शिबिर संपलेलं असायचं, सगळे दमलेले असायचे, गाडी काढायची घाई असायची. सरांना वाटायचं मी बघितलं असेल, मला वाटायचं सरांनी बघितलं असेल. खरं सांगायचं तर आम्हाला तसंही काही वाटत नव्हतं. गावातली माणसं ती लोकसंख्या, आणि गांगुर्डे म्हणजे आपली गाडी. एवढी साधी चूक कोणी करू नये, पण ती करायला आमच्यासारखी रोज तपासणारीच माणसं लागतात.

मग वरून पत्र आलं की आधी आपल्याच कर्मचाऱ्यांची तपासणी पूर्ण करा, कंत्राटी धरून सगळ्यांची. जे कार्यालय शंभर टक्के करेल त्याला प्रमाणपत्र आणि कार्यक्रमात सत्कार. आमचे मोठे साहेब एकदम कामाला लागले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत वही पाठवायची होती. चार वाजता ते माझ्या टेबलाशी आले आणि पानं उलटायला लागले. एकच रकाना रिकामा होता, साहेबराव गांगुर्डे, वाहनचालक.

सर त्या दिवशी मालेगावला होते, यंत्रमाग कामगारांच्या शिबिरात. गाडी गांगुर्डेंनीच नेली होती. म्हणजे मशीन, खुर्ची, डॉक्टर आणि गांगुर्डे असे सगळे त्या क्षणी मालेगावात एकाच मांडवात होते. मी एक फोन करायचा होता. पाच मिनिटं त्यांना बसवायचं आणि दोन मिनिटांत आकडा फोनवर सांगायचा, एवढंच काम. पण साहेब डोक्यावर उभे होते, पेन माझ्या हातात होतं, आणि ते म्हणाले, एका ड्रायव्हरसाठी अडकलंय का सिस्टर. मी लिहिलं, १२०/८०. उद्या बघू, असं मनात म्हटलं. कोणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही, मीच लिहिलं. त्या चांदवडच्या सिस्टरला तिच्या संपलेल्या सेलचं तरी निमित्त होतं.

वही त्याच संध्याकाळी साहेबांच्या कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी दिंडोरीला शिबिर होतं, तिसऱ्या दिवशी मीटिंग. मला आठवण नव्हती असं नाही. गांगुर्डेंना डोक्याचा रुमाल घट्ट करताना बघितलं की आठवण व्हायची, आणि मी दुसरीकडे बघायचे.

चारेक महिन्यांनी आम्ही पेठहून परत येत होतो. घाट संपता संपता गांगुर्डेंनी गाडी अगदी व्यवस्थित कडेला घेतली, ब्रेक ओढला, आणि समोर बघत म्हणाले, "साहेब, हात ऐकत नाय." पुढचं वाक्य ते बोलले, पण ते शब्दच नव्हते. सरांनी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, पट्टा बांधला. काटा कुठे गेला ते मी बघितलं आणि सरांनीही बघितलं. मग सरांनी स्वतः गाडी चालवली. मी मागे गांगुर्डेंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. नाशिक येईपर्यंत पाठीमागे ती खुर्ची प्रत्येक खड्ड्याला आदळत होती.

गांगुर्डे वाचले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिसऱ्या दिवशी एजन्सीनं दुसरा ड्रायव्हर पाठवला.

त्याच दिवशी सरांनी कर्मचाऱ्यांची वही मागवून घेतली. मी माझ्या टेबलावरून बघत होते. त्यांनी पान काढलं, बोट खाली खाली नेलं, थांबले. लाल पेन्सिल उचलली नाही. मी उठून त्यांच्यासमोर जायला हवं होतं. मी औषधांच्या खोक्यावर उगाच चिकटपट्टी लावत बसले. मला वाटलं ते हाक मारतील. हाक आली असती तर मी सगळं सांगितलं असतं, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे.

मीटिंगमध्ये मोठे साहेब उलट निश्चिंत होते. म्हणाले, बरं झालं, नोंद आहे, म्हणजे त्या दिवशी त्यांचं बीपी नॉर्मल होतं. उद्या कोणी विचारलं तर कागद आपल्या बाजूने आहे. सरांनी तिथेच सांगितलं की नोंद खोटी आहे. या माणसाचं बीपी आम्ही दहा वर्षांत एकदाही मोजलेलं नाही, तेव्हा कार्यालयाचं नाव शंभर टक्क्यांच्या यादीतून काढा. साहेब हसले. मग हसायचे थांबले. खोटी नोंद कोणी केली, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण त्यांना उत्तर माहीतच होतं. सर म्हणाले, कक्ष माझा आहे, जबाबदारी माझी. आणि तसं लेखी दिलं.

त्या पत्राची मी टाचणी लावून फाईल केली. माझ्याच हातांनी. त्यात लिहिलं होतं की मोजणी न करता आकडा लिहिला गेला व तो त्यांच्या देखरेखीखाली लिहिला गेला. कोणाच्या हातून, ते नव्हतं. यादीतून आमचं नाव निघालं नाही. सत्कार झाला, प्रमाणपत्र आलं, भिंतीवर खिळा ठोकला गेला. सरांची बदली मात्र झाली, त्याच इमारतीत खाली, साठ्याच्या खोलीत. तिथे जुनी पोस्टरं, मुदत संपलेली पत्रकं, मोडके वजनकाटे. मीठ कमी खा असं लिहिलेल्या पोस्टरांच्या गठ्ठ्यांमध्ये त्यांनी नोकरीचं शेवटचं दीड वर्ष काढलं. मी दिवसातून दोनदा तो जिना उतरत चढत होते. एकदाही त्या खोलीत शिरले नाही.

आमच्या कक्षाला नवीन डॉक्टर आले. भले आहेत, हसतमुख आहेत, एका तासात आळी उरकतात.

सरांच्या निरोप समारंभाला समोसे होते, वेफर्स होते. त्यांच्यासमोर सगळे बिनधास्त खात होते, ते मला फार लागलं. मोठे साहेब भाषणात म्हणाले की डॉक्टर खैरनारांनी हजारो रुग्णांना बरं केलं. सरांना बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते उठून एवढंच म्हणाले की मी कोणाला बरं केलेलं नाही, माझं काम त्यांना रुग्ण होऊ न देण्याचं होतं, आणि ते आपल्याच गाडीत मला जमलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय ऐकलं म्हणून वाजवल्या कोण जाणे.

जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली, ती खुर्ची. स्टोअरकीपरनं नकार दिला. मधे कधीतरी सगळ्या सामानावर नंबर टाकले होते, तेव्हा त्या खुर्चीच्या पाठीवरही पांढऱ्या रंगानं नंबर पडला होता. ती आता सरकारी मालमत्ता. सर म्हणाले, अहो, माझ्या स्वयंपाकघरातली आहे ती. स्टोअरकीपर म्हणाला, सर, रजिस्टरला नोंद आहे. सर शाल आणि नारळ घेऊन पायऱ्या उतरून गेले. पुढच्या आठवड्यात मी ती खुर्ची सरळ चोरली. भर दुपारी उचलून रिक्षात टाकली आणि म्हसरूळला गांगुर्डेंच्या घरी नेऊन दिली. माझ्या नोकरीतलं हे एक काम मला अजून आवडतं.

तिथेच मला कळलं की सर दर गुरुवारी येतात. दीड वर्ष येत होते. सिटी बसनं यायचे, गांगुर्डेंचा हात, पाय, बोटं हलवून घ्यायचे, बीपी बघायचे. गांगुर्डेंच्या बायकोनं चहा ठेवला आणि म्हणाली, थांबा ना, येतीलच आता. मला पळून जायचं होतं. तेवढ्यात दारात सर.

त्यांनी खुर्ची बघितली, पाठीवरचा नंबर बघितला, माझ्याकडे बघितलं. खाली वाकून खुर्ची हातानं दाबून बघितली, अगदी गांगुर्डे बघायचे तशी. मग म्हणाले, बसा सिस्टर.

मी म्हटलं, मला कशाला. ते म्हणाले, बसा. मी अकरा वर्षं लोकांना त्या खुर्चीत बसवलं होतं, स्वतः बसायची ती पहिलीच वेळ. सरांनी घड्याळ काढून तळहातावर धरलं. समोर कॉटवर उशांना टेकून गांगुर्डे बसले होते, तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला, माझ्याकडे टक लावून बघत होते. मला त्या दोघांना सांगायचं होतं. तोंड उघडलं, तर सरांनी बोट ओठांवर ठेवलं. बोलायचं नाही, तो नियमच होता. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी पट्टा बांधला, दोनदा मोजलं, आणि पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्यापुढे धरली. त्या आळीतल्या सगळ्यांच्या नोंदी त्यात होत्या. आकडा त्यांनी सांगितला आणि म्हणाले, तुमच्या हातानं लिहा. मी लिहिलं, १४८/९४. आठाचे दोन गोल एकावर एक बसले, मधे बारीकशी फट. सर त्या आठाकडे बघत होते.

"सर, ती नोंद मी केली होती," मी म्हटलं.

"माहीत आहे. वही उघडली त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "खाली साठ्याच्या खोलीत दीड वर्ष होतो. दार उघडंच असायचं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले की एकदा मोजून काही ठरत नाही, पुढच्या गुरुवारी पुन्हा या, तुमचं वाढलेलं आहे, दुर्लक्ष करू नका.

मला काय झालं कळत नाही. पुढच्या गुरुवारी शिबिर असेल, साहेब सोडतील की नाही, असलं काहीतरी डोक्यात आलं, आणि मी म्हणाले, "बघू, सर."

कॉटवरून आवाज आला. गांगुर्डे बोलत होते. सगळे शब्द गेले तरी एक त्यांच्याकडे उरला आहे, आणि भूक लागली, तहान लागली, दुखलं, काही झालं तरी ते तोच म्हणतात. "बघू," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "बघू, बघू."

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. त्यानंतरच्या गुरुवारी मी गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गोळी अजून सुरू केलेली नाही. त्या दिवशी रस्त्यावर आल्यावर एकदाच मागे वळून बघितलं, तेव्हा दार उघडं होतं. सरांनी आणि गांगुर्डेंच्या बायकोनं मिळून त्यांना खुर्चीत आणून बसवलं होतं. सर गुडघ्यावर बसून त्यांचा गेलेला पाय दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर नीट टेकवत होते. मग ते उठले, घड्याळ तळहातावर घेतलं, आणि गप्प उभे राहिले.